ब्रँड विकला गेला. तुमच्या स्कोपची वॉरंटी आता कोणाकडे?

नोव्हेंबरातला शनिवार, डॅलसच्या उत्तरेकडची नेमबाजीची रेंज, तिसरं मॅगझिन. माझ्या रेड डॉटमधला, म्हणजे बंदुकीवर बसवायच्या नेम धरण्याच्या काचेतला, लाल ठिपका अचानक गुल. बॅटरी संपली असेल म्हणून नवी घातली, ठिपका आला. पुढच्या गोळीला पुन्हा गेला. घरी येऊन ओट्यावर ठेवून त्याच्या पाठीवर नखाने टिचकी मारून बघितली. एका टिचकीला दिसतो, दुसरीला जातो. म्हणजे आत कुठेतरी सोल्डर सुटलेलं.

ज्या सहकाऱ्याने मला हा छंद लावला तो म्हणाला, "लाइफटाइम वॉरंटी आहे ना, मग पाठवून दे की." दिला पाठवून, खोक्यावर छापलेल्या पत्त्यावर. बाराव्या दिवशी खोका माझ्याच दारात, वर पिवळी चिठ्ठी: पाठवणाऱ्याकडे परत. त्या जागी आता दुसऱ्याच कुणाचं गोदाम होतं. ब्रँड चौदा महिन्यांपूर्वी विकला गेला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता, दोन्ही अर्थांनी.

पुढचे साडेतीन महिने जे हेलपाटे घातले त्यातून शिकलेलं इथे लिहितोय. नोकरीसाठी अमेरिकेत आलेले आणि इथे येऊन नेमबाजीला लागलेले बरेच मराठी लोक भेटतात. त्यांच्यातल्या नवख्यांसाठी हे आहे. विषय फक्त बंदुकीला जोडायच्या सामानाचा: स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण), रेड डॉट, लेझर ग्रिप (लेझर बसवलेली मूठ), होल्स्टर (बंदुकीचं म्यान), स्टॉक (दस्ता), सायलेन्सर. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल तर वकिलालाच विचारा. दोन-तीनशे डॉलरच्या वस्तूसाठी वकील परवडत नाही म्हणूनच तर हा लेख.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

नाक्यावरचं किराणा दुकान आठवा. जुन्या मालकाने दुकान विकलं. पाटी तीच, फळ्या त्याच, तराजूही तोच. पण तुम्ही जुन्या मालकाकडे दिवाळीच्या सामानाचे आगाऊ पैसे दिले असतील, तर नवा मालक ते मानेलच असं नाही. त्याने दुकान घेतलं, उधारीची वही घेतली की नाही हे त्या दोघांत काय ठरलं त्यावर अवलंबून. ब्रँडचंही अगदी तसंच असतं.

खरेदी ढोबळमानाने तीन तऱ्हांनी होते. पहिल्या तऱ्हेत नवा मालक अख्खी कंपनीच, म्हणजे तिचे शेअर, विकत घेतो. कंपनी तीच राहते, म्हणून तिची देणी आणि दिलेली वचनंही तिच्याकडेच राहतात. स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीने २०१६ मध्ये लेझर ग्रिप बनवणारी क्रिमझन ट्रेस ९.५ कोटी डॉलरला घेतली ती अशी. ग्राहकाच्या दृष्टीने सगळ्यात सोपा प्रकार.

दुसऱ्या तऱ्हेत फक्त मालमत्ता विकली जाते: नाव, आराखडे, साचे, यंत्रं, गोदामातला माल. अमेरिकी न्यायालयांचा सर्वसाधारण नियम असा की मालमत्ता घेणाऱ्याच्या डोक्यावर विकणाऱ्याची देणी येत नाहीत. अपवाद चार: त्याने ती स्वतःहून अंगावर घेतली असतील, व्यवहार नावापुरता विक्रीचा आणि प्रत्यक्षात विलीनीकरणाचा असेल, नवी कंपनी म्हणजे जुनीच नवा सदरा घालून बसलेली असेल, किंवा ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांना फसवण्यासाठीच विक्री केली असेल. आपल्यासारख्यांच्या कामाला येतो तो पहिला अपवाद. बरेच खरेदीदार बाजारातली पत राखायला जुन्या वॉरंटी मुद्दाम अंगावर घेतात आणि तसं लेखी जाहीरही करतात.

तिसरी तऱ्हा दिवाळखोरीतल्या विक्रीची. इथे न्यायालय बहुतेकदा मालमत्ता जुन्या देण्यांपासून मोकळी करूनच खरेदीदाराच्या हातात देतं. जुलै २०२० मध्ये रेमिंग्टन या बंदूक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या शरद ऋतूत घराण्याच्या वाटण्या व्हाव्यात तशा तिच्या वाटण्या झाल्या. दारूगोळ्याचा कारखाना आणि 'रेमिंग्टन' हे नाव व्हिस्टा आउटडोअरकडे, बंदुकांचा धंदा राउंडहिल नावाच्या गटाकडे, मार्लिन हा बंदुकांचा ब्रँड रूगर या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे, बार्न्स ही गोळ्यांची कंपनी सिएराकडे, बुशमास्टर हा रायफलींचा ब्रँड फ्रँकलिन आर्मरीकडे, सायलेन्सरवाली एएसी आणि रायफलवाली डीपीएमएस जेजेई नावाच्या कंपनीकडे, आणि स्टॉक-मॅगझिन बनवणारा टॅपको हा ब्रँड चक्क स्पोर्ट्समन्स वेअरहाउस या दुकानांच्या साखळीकडे. एका छताखालच्या सात-आठ नावांना सात घरं मिळाली. यातल्या कुठल्या वस्तूची तक्रार कोणाकडे न्यायची हे खोक्यावरचं नाव बघून कळणं अशक्य.

१. तुमची वस्तू कोणाच्या काळातली, ते आधी ठरवा

पहिली पायरी हीच, आणि नेमकी हीच सगळे गाळतात. ब्रँडचं नाव विसरा. वस्तूवरचा सिरियल नंबर, तारखेचा कोड आणि 'कुठे बनवलं' ही ओळ बघा. रेड डॉटवर नंबर बहुतेकदा खालच्या बाजूला असतो, म्हणजे माउंटवरून (बंदुकीवर बसवायच्या बैठकीवरून) उतरवल्याशिवाय दिसत नाही. उतरवायच्या आधी रेलच्या कुठल्या खाचेत बसवला होता तिथे पेन्सिलीने खूण करा, परत झिरो करताना, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी जुळवताना, गोळ्या वाचतील.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण बंदुकीचंच आहे. रूगरने घेतल्यानंतर बनलेल्या मार्लिनचा सिरियल नंबर 'आरएम' या अक्षरांनी सुरू होतो. रूगर दुरुस्ती करते ती या बंदुकांची. रेमिंग्टनच्या किंवा त्याआधीच्या काळातल्या मार्लिनची नाही. नाव तेच, शिक्काही तोच, पण जबाबदारीची हद्द दोन अक्षरांनी आखलेली.

स्कोपच्या दुनियेत याहून गमतीची कथा रेडफिल्डची आहे. १९०९ साली डेन्व्हरमध्ये सुरू झालेला हा ब्रँड. १९९८ मध्ये तिथला कारखाना बंद पडला. नाव मात्र फिरत राहिलं. २००२ मध्ये ते सिमन्स आणि वीव्हर या दोन नावांबरोबर मीडकडे गेलं. हो, तीच मीड, आकाशदर्शनाच्या दुर्बिणी बनवणारी. २००८ मध्ये मीडने तिन्ही नावं तीन वेगळ्या घरी विकली: सिमन्स बुशनेलला, वीव्हर एटीके या दारूगोळ्याच्या कंपनीला, रेडफिल्ड ऑरेगनच्या ल्युपोल्डला. आता तुमच्याकडे काकांच्या कपाटातला 'रेडफिल्ड' असेल, तर तो डेन्व्हरचा की मधल्या काळातला की ल्युपोल्डचा यावर सगळं अवलंबून. डेन्व्हरचा असेल तर वॉरंटीच्या मागे लागू नका. जुने स्कोप उघडून साफ करणारे स्वतंत्र कारागीर अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडे पैसे देऊन काम करून घ्या.

२. विक्री कशी झाली, ते कागदावर बघा

रेंजवरच्या गप्पांत "अरे ती कंपनी बुडाली" असं कुणीतरी ठामपणे सांगतंच. बुडाली, विकली गेली, विभागली गेली आणि फक्त नाव बदललं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. यातली कुठली झाली ते शोधायला पैसे लागत नाहीत, एक संध्याकाळ लागते.

खरेदीदार किंवा विकणारा शेअर बाजारात नोंदलेला असेल, तर अमेरिकी रोखे आयोगाच्या एडगर या संग्रहात जा. महत्त्वाच्या घडामोडीची नोंद ८-के नावाच्या अर्जावर कामकाजाच्या चार दिवसांत करावी लागते आणि मोठ्या व्यवहाराचा करारही बऱ्याचदा जोडलेला असतो. त्यात 'वॉरंटी' हा शब्द शोधा. 'अंगावर घेतलेली देणी' आणि 'वगळलेली देणी' अशी दोन कलमं सापडतील. तुमचं उत्तर त्या दोनांपैकी एकात आहे.

खासगी कंपनी असेल तर ट्रेडमार्क कार्यालयाच्या मोफत शोधात ब्रँडचं नाव घाला. मालकी कोणाकडून कोणाकडे गेली आणि कोणत्या तारखेला, याच्या नोंदी दिसतात. मला माझ्या ब्रँडचा नवा मालक इथेच सापडला. नावावरून वाटावं बांधकाम कंपनी. दिवाळखोरी झाली असेल तर खटल्याची कागदपत्रं न्यायालयाच्या पेसर या प्रणालीवर दहा सेंट पानाने मिळतात, आणि तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलात तर तेही माफ. मोठ्या खटल्यांत दावे सांभाळणारी संस्था तीच कागदपत्रं फुकट ठेवते, म्हणून आधी तिथे बघा.

इथला एक सापळा सांगून ठेवतो, कारण मी त्यात दोन तास घालवले. स्मिथ अँड वेसनच्या मूळ कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये 'अमेरिकन आउटडोअर ब्रँड्स' असं नाव घेतलं. २०२० मध्ये ती परत स्मिथ अँड वेसन झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये क्रिमझन ट्रेस, कॉल्डवेल, टिप्टन वगैरे सामानाचे ब्रँड वेगळे काढून त्या नव्या कंपनीला तेच 'अमेरिकन आउटडोअर ब्रँड्स' हे नाव दिलं. म्हणजे २०१८ च्या कागदावरचं ते नाव बंदूकवाल्यांचं, २०२१ च्या कागदावरचं सामानवाल्यांचं. कागदावर नाव दिसलं की आधी तारीख बघा.

साखळी लांबही असू शकते. बुशनेल २०१३ मध्ये एटीकेने ९८.५ कोटी डॉलरला घेतली. २०१५ मध्ये एटीकेचा तो भाग व्हिस्टा आउटडोअर म्हणून वेगळा झाला. पुढे व्हिस्टाने आपला सामानाचा धंदा रेव्हेलिस्ट या नावाखाली आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो एका गुंतवणूक कंपनीकडे गेला. खोक्यावर मात्र पूर्ण वेळ एकच शब्द: बुशनेल. अशी मोठी आणि चालती कंपनी हात बदलते तेव्हा दुरुस्तीचं टेबल सहसा जागेवर असतं. धोका असतो तो लहान ब्रँडला, जिथे विक्रीनंतर दुरुस्तीवाला माणूसच नोकरी सोडून जातो.

३. तेव्हाची वॉरंटी शोधा, आजची नाही

नव्या मालकाच्या संकेतस्थळावरचा मजकूर त्याच्या मालासाठी असतो. तुमच्या कामाचा आहे तो खरेदीच्या दिवशीचा. खोक्यातली घडीची पत्रिका टाकून दिली असेल, आणि दिलेलीच असते, तर इंटरनेटवरची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर जुनं पान खरेदीच्या महिन्याची तारीख घालून उघडा, आणि त्याची तारखेसकट छापील प्रत काढून ठेवा.

१९७५ च्या मॅग्नसन–मॉस कायद्यानुसार लेखी वॉरंटी 'पूर्ण' की 'मर्यादित' हे स्पष्ट लिहावं लागतं. १५ डॉलरच्या वरच्या वस्तूवर वॉरंटी देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तक्रार कशी करायची याच्या पायऱ्याही लिहाव्या लागतात. ते नाव नीट वाचा. ब्रँडचं नाव आणि वॉरंटी देणाऱ्या कंपनीचं नाव वेगळं असू शकतं.

मग 'लाइफटाइम'. कोणाचं? तुमचं, वस्तूचं, की तुमच्याकडे ती असेपर्यंतचं? अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की हा शब्द वापरणाऱ्याने कोणाचं आयुष्य ते सांगावं. 'पहिल्या खरेदीदारापुरती' ही ओळ दिसली आणि तुम्ही वस्तू सहकाऱ्याकडून सेकंडहँड घेतली असेल, तर मालक बदलला नसता तरी तुमचं काम अवघडच होतं. माझं नशीब, मी नवीन घेतला होता.

४. कागदपत्रं गोळा करा

- खरेदीची पावती. दुकानातली कागदी पावती असेल तर आजच फोटो काढा. माझी गाडीच्या कप्प्यात होती; टेक्सासच्या दोन उन्हाळ्यांत त्या उष्णतेला काळ्या पडणाऱ्या कागदाची कोरी काळी पट्टी झाली. शेवटी दुकानाने माझ्या फोन नंबरवरून दुसरी प्रत काढून दिली. मोठी दुकानं देतात, विचारा.
- सिरियल नंबरचा आणि तारखेच्या कोडचा फोटो.
- बिघाडाचा व्हिडिओ, पंधरा-वीस सेकंदांचा. टिचकी मारल्यावर ठिपका जातो हे शब्दांत सांगून कुणाला पटत नाही. बंदुकीवरून उतरवून घ्या आणि मगच चित्रण करा.
- जुन्या वॉरंटीची तारखेसकट प्रत.
- विक्रीची घोषणा किंवा करारातलं ते कलम.
- नोंदणी केली असेल तर तेव्हा आलेला ईमेल.

५. नव्या मालकाशी बोलताना

आधी फोन, मग ईमेल, मग खोका. हा क्रम उलटवू नका, मी उलटवला होता. परतीचा परवाना क्रमांक, ज्याला सगळे आरएमए म्हणतात, तो मिळाल्याशिवाय पाठवलेला खोका गोदामात कुठेतरी पडून राहतो.

माझा पहिला फोन असा झाला. पलीकडची बाई अगदी नम्र. "तुमचा नंबर आमच्या यंत्रणेत नाही." म्हटलं, "तो आधीच्या मालकाच्या काळातला आहे." थोडी शांतता. "मग तो आमचा नाही. पण नवीन मॉडेलवर ३० टक्के सूट देऊ शकते." त्या क्षणी 'ठीक आहे' म्हणून टाकावंसं वाटतं. म्हणू नका. ती सूट म्हणजे वॉरंटी नव्हे, आणि ती एकदा घेतली की विषय मिटला असं धरलं जातं.

मी म्हटलं, विचार करून कळवतो, आणि त्याच रात्री ईमेल लिहिला. चारच गोष्टी: वस्तू, नंबर, खरेदीची तारीख, बिघाड. सोबत व्हिडिओ, जुन्या वॉरंटीची प्रत, आणि ब्रँड घेतल्यावर नव्या मालकानेच दुकानदारांना पाठवलेल्या पत्रातली ओळ, की जुन्या ग्राहकांना सेवा मिळत राहील. ती ओळ मला दुकानदाराकडूनच मिळाली. हे महत्त्वाचं आहे: ब्रँड विकला गेला की पहिलं पत्र ग्राहकांना जात नाही, दुकानदारांना जातं. काउंटरवरच्या माणसाला विचारा.

रागाचा एक शब्दही लिहू नका. फोन उचलणाऱ्या माणसाची नोकरीही बहुधा याच विक्रीत इकडून तिकडे गेलेली असते. शेवटी एकच प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असंच द्यावं लागेल: "विक्रीपूर्वी विकलेल्या वस्तूंच्या वॉरंटीची जबाबदारी आपण घेतली आहे का?" नऊ दिवसांनी उत्तर आलं. घेतली होती. फोनवरच्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं.

६. पाठवताना

स्कोप किंवा रेड डॉट ही बंदूक नाही. साध्या कुरियरने जाते. पण ती बंदुकीवरून उतरवून, फक्त तेवढीच पाठवा. बॅटरी काढून घ्या. माउंट, झाकणं, सनशेड स्वतःकडे ठेवा, परत येताना ते हमखास हरवतात. विमा उतरवा, पोचपावती घ्या.

सायलेन्सरची गोष्ट वेगळी. तो सिरियल नंबरनिशी सरकारदरबारी तुमच्या नावावर नोंदलेला असतो. दुरुस्त होऊन तोच परत येऊ शकतो, पण 'खराब निघाला, हा घ्या दुसरा' असं करता येत नाही. दुसरा नंबर म्हणजे नवी नोंदणी आणि नवी मंजुरी. एएसीसारख्या ब्रँडचे जुने ग्राहक म्हणूनच मालकबदलाला जास्त घाबरतात. २००९ मध्ये ती रेमिंग्टनच्या घराण्यात गेली, २०२० मध्ये तिथून जेजेईकडे. सायलेन्सर घेताना ब्रँड किती स्थिर आहे हे किमतीइतकंच बघावं असं माझं मत.

७. 'बदली' वस्तू आली, पण बसेना

सहा आठवड्यांनी माझा खोका आला. उघडला, तर आत माझा रेड डॉट नव्हता. नव्या मालकाने ते मॉडेल बंद केलं होतं, म्हणून 'समतुल्य' पाठवलेलं. काच मोठी, ठिपका जास्त स्वच्छ, बॅटरी वरून बदलता येते. खूश होऊन माउंटवर ठेवला आणि स्क्रूची भोकं जुळेनात.

रेड डॉटच्या तळाला स्क्रूच्या भोकांची आणि खुंट्यांची एक ठरावीक मांडणी असते, तिला फूटप्रिंट म्हणतात. एका फूटप्रिंटची वस्तू दुसऱ्याच्या प्लेटवर (बंदूक आणि रेड डॉटच्या मधल्या जोडपट्टीवर) बसत नाही. या शब्दांतही मालकबदलाचा इतिहास अडकलेला आहे: 'डॉक्टर फूटप्रिंट' आजही सगळे म्हणतात, पण जर्मनीतल्या आयस्फेल्डच्या 'डॉक्टर' या साइटच्या ब्रँडचं नाव बदलून नोब्लेक्स झालं. ब्रँड गेला, त्याची भोकं राहिली.

तेव्हा आरएमए घेतानाच विचारा: दुरुस्त करणार की बदलणार? बदलणार असाल तर फूटप्रिंट कोणता? प्लेट कोण देणार? स्कोपच्या बाबतीत हेच प्रश्न नळीच्या व्यासाबद्दल. एक इंची नळीच्या जागी ३० मिलिमीटरची आली तर नळी धरणाऱ्या जुन्या रिंगा बाद. माझ्या प्लेटचे ४० डॉलर मी भरले, कारण आधी विचारलं नव्हतं. आणि रेटिकल (काचेतली नेमाची खूण) वेगळं असेल तर झिरो पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार, त्या गोळ्यांचा खर्च कुठल्याच वॉरंटीत नसतो.

८. स्पष्ट 'नाही' आलं तर

करारात वॉरंटी 'वगळलेल्या देण्यां'त असेल तर नव्या मालकाशी भांडून उपयोग नाही. मग हे रस्ते, शक्यतेच्या क्रमाने.

आता ती सूट मागा. आधी नाकारलेली सूट सहसा परत मिळते, कधी थोडी वाढूनही.

ज्या दुकानातून घेतलं त्याच्याकडे जा. लेखी वॉरंटीच्या जोडीला विकणाऱ्याची एक गृहीत हमीही राज्याच्या कायद्यात असते, आणि बहुतेक राज्यांत दाव्याची मुदत वस्तू हातात आल्यापासून चार वर्षं. 'आहे तशी' या अटीवर घेतली असेल तर मात्र हा रस्ता बहुधा बंद. टेक्सासमध्ये लहान दाव्यांच्या न्यायालयाची मर्यादा २०,००० डॉलर आहे. मी तिथपर्यंत गेलो नाही, आणि दोनशे डॉलरच्या वस्तूसाठी एक दिवसाची सुट्टी घालवणं मला तरी परवडलं नसतं.

क्रेडिट कार्डाच्या वाढीव वॉरंटीची अट वाचा. रक्कम परत मागण्याचा साधा रस्ता मात्र बिल आल्यापासून ६० दिवसांत संपतो, म्हणून जुन्या खरेदीला तो लागू पडत नाही.

कंपनी दिवाळखोरीत असेल तर दावा दाखल करण्याची शेवटची तारीख शोधा आणि ती चुकवू नका. वॉरंटीच्या दाव्यातून फार काही हाती येत नाही. पण आगाऊ पैसे भरून माल मिळाला नसेल, तर तुमच्यासारख्या ग्राहकांना ठरावीक रकमेपर्यंत रांगेत पुढची जागा मिळते. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा माणशी ३,८०० डॉलर आहे. आणि दुरुस्तीला पाठवलेली वस्तू तुमच्याच मालकीची असते हे त्यांना लेखी कळवा, लिलावाच्या आधी.

९. परत-बोलावणं आणि परताव्याच्या मुदती

वॉरंटी आणि दोषामुळे माल परत घेणं या दोन गोष्टी एक समजू नका. इओटेकच्या होलोग्राफिक साइटचा (रेड डॉटसारख्याच नेम धरण्याच्या काचेचा) झिरो तापमान बदललं की सरकतो, या प्रकरणात तेव्हाची मालक एल-३ कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारशी २.५६ कोटी डॉलरची तडजोड केली आणि सामान्य ग्राहकांसाठी पैसे परत देण्याची योजना आणली. २०२० मध्ये इओटेक मिशिगनच्या अमेरिकन होलॉप्टिक्सकडे गेली. सेकंडहँड साइट घेताना ती कुठल्या काळातली हे बघायचं ते म्हणूनच.

रेमिंग्टनच्या ७०० मॉडेलच्या रायफलच्या ट्रिगरचंही तसंच. सामूहिक खटल्याच्या तडजोडीत ट्रिगर फुकट बदलून मिळत होता, दाव्याची मुदत एप्रिल २०२० पर्यंत. तीन महिन्यांनी कंपनी दिवाळखोरीत. ज्यांनी 'करू निवांत' म्हटलं, ते निवांतच राहिले. एक लक्षात घ्या, अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला बंदुका आणि दारूगोळा परत बोलावण्याचा अधिकारच कायद्याने दिलेला नाही. त्यामुळे अशा सूचना कंपनीकडूनच येतात, आणि त्या नोंदणी केलेल्या पत्त्यावरच येतात. घर बदललं की नोंदणीतला पत्ताही बदला.

१०. गावाकडच्या भावासाठी नेताय?

माझा मावसभाऊ कोल्हापूरचा. तिथे तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि आता स्वप्नील कुसाळे, त्यामुळे गल्लीत दोन पोरं तरी एअर रायफल मारतातच. त्याने सांगितलं, "दादा, येताना एक स्कोप आण ना." स्कोप बॅगेत टाकून नेण्याइतकी साधी वस्तू नाही. बंदुकीवर बसणाऱ्या दुर्बिणी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या निर्यात-नियंत्रणाच्या यादीत आहेत; आधी परवान्याचं बघा, भारताच्या बाजूचे नियम त्याला तिकडच्या अधिकृत विक्रेत्याकडे विचारू द्या. दुरुस्तीसाठी परत अमेरिकेत पाठवणं आणि पुन्हा मागवणं म्हणजे तोच खेळ दोनदा. त्यात ब्रँडचा मालक बदलला तर त्याची भारतातली एजन्सीही बऱ्याचदा बदलते. मी भावाला सांगितलं, ज्याचा दुरुस्तीवाला पुण्यात किंवा मुंबईत बसतो असंच काही घे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. तो अजून थोडा रुसलेला आहे.

पुढच्या खरेदीच्या वेळी

आता मी कुठलीही वस्तू घेतली की त्याच दिवशी तीन फोटो काढतो: पावती, सिरियल नंबर आणि वॉरंटीच्या पत्रिकेतलं देणाऱ्याचं नाव. तिन्ही स्वतःलाच ईमेल करतो, विषयात वस्तूचं नाव आणि वर्ष. सेकंडहँड घेतली तर विकणाऱ्याकडून मूळ पावतीचीही प्रत मागतो. देत नसेल तर किंमत वॉरंटी नसल्यासारखी लावतो. आणि परत आलेल्या त्या खोक्यावरची पिवळी चिठ्ठी गॅरेजमधल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली आहे.